एका भागाचं पुस्तक

"तुझा हात तरी कसा धजावला, आई?" मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून दबक्या आवाजात ओरडत होता. "बाबांनी त्या कादंबरीमालेचा सातवा भाग मागितला होता. सातवा! आणि तू त्यांना हे दिलंस?"

"सातवा मिळाला नाही," ती पातेलं घासतच म्हणाली.

"वहिनी, निदान माझ्यासमोर तरी थापा मारू नकोस," नणंद फणकारली. "दोन्ही पुस्तकं होती तुझ्या पिशवीत. ह्या डोळ्यांनी पाहिलीत."

दिलं होतं ते दीडशे पानांचं, एका दीपगृहाच्या म्हाताऱ्या राखणदाराचं. पुस्तकात वावगं काही नव्हतं. वावगं होतं ते हे, की ते एकाच भागात संपत होतं.

ती छातीच्या रोगांच्या इस्पितळात आया होती. वीस वर्षं झाली. बेडपॅन, चादरी आटोपल्या की दुपारी पुस्तकांची ढकलगाडी घेऊन खाटांमधून फिरायची. शिक्षण सातवीपर्यंत, पण गाडीवरचं प्रत्येक पुस्तक आधी स्वतः वाचायची. सुरुवातीला जो जे मागेल ते द्यायची. एकदा बारा नंबरच्या शिक्षिकाबाईंना तिने एका मोठ्या कादंबरीचा पहिला भाग दिला. बाईंनी त्याचा दोन दिवसांत फडशा पाडला आणि दुसऱ्याचा धोशा लावला. वाचनालयातला दुसरा भाग कुणीतरी नेलेला. चार दुकानं पालथी घालून ती तो घेऊन आली, तेव्हा बारा नंबरची गादी उन्हात टाकलेली होती.

तेव्हापासून तिचा नेम ठरला. ज्याचे दिवस भरत आले, त्याला एका भागात संपणारंच पुस्तक. तेही निवडक, शेवटचं म्हणून वाचायचं ते रद्दी का वाचावं? अशी सात-आठ तिच्या ठेवणीतली होती. मायलेकींच्या बारा वर्षांच्या अबोल्याचं एक, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या बहिऱ्या माणसाचं एक. सगळ्यांत वरचढ राखणदाराचं. रोगीही काही कमी वस्ताद नव्हते. मावशीने जाडजूड संच हातात ठेवला की भेटायला आलेल्यांना सांगायचे, "सुटलो बुवा!" पातळ पुस्तक आलं की म्हणायचे, "मावशी, भागांचं दे की एखादं. तेवढीच मुदतवाढ!" ती हसून पांघरूण सारखं करायची.

आणि हे सगळं ती वर्षानुवर्षं जेवताना घरी सांगत आली होती. नवरा कारखान्यात फिटर. हातातला घास तसाच धरून ऐकायचा.

आता त्याच्याच पोटातली गाठ यकृतापर्यंत पसरली होती. दुसऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मुलाला आणि तिला बाजूला घेऊन आकडा सांगितला होता. मुलाने ठरवलं, बाबांना सांगायचं की गाठ विरघळतेय. "दादा हाय खाईल," म्हणून नणंदेने री ओढली. मग घरातले सगळे तोंडावर हसू चिकटवून फिरू लागले. दर सोमवारी केमोची सलाईन, पुढचे तीन दिवस उलट्या. "एवढ्या सुया झाल्या की कामावर जातो," असं तो म्हणायचा, आणि ती मान हलवायची.

"चुकून दिलंस की मुद्दाम?" मुलाने विचारलं.

तिचं तिलाच सांगता येईना. सकाळी पिशवीत हात घातला तेव्हा आधी सातवाच लागला होता बोटांना. मग आठवा येणार, मग नववा. तिथे हात थांबला होता.

"परक्यांना सांगितलंस ते ठीक. पण बाबांना तरी सुखात राहू द्यायचं होतंस."

"सुखात?" तिने पातेलं आपटलं. "मंगळवारी बादली कोण धरतं रे त्यांच्यापुढे? तू?"

भिंतीला धरत धरत नवरा केव्हा आला, ते कुणालाच कळलं नाही.

"दादा, अरे, पुस्तकांची अदलाबदल झाली बघ," नणंद घाईघाईने म्हणाली. "वहिनी म्हणजे जन्माची वेंधळी!"

"वेंधळी? ही?" तो स्टुलावर टेकला. दम लागला होता. तेहतीस वर्षं संसार केलेल्या बायकोकडे त्याने सरळ पाहिलं. "किती?"

तिने हात पदराला पुसले. "दोन महिने. सलाईन घेतलीत तर तीन."

"आई!" मुलगा कळवळला. नणंदेने तोंडात पदर कोंबला.

यंत्राचं माप ऐकावं तशी त्याने मान डोलावली. पाणी मागितलं, दोन घोट घेतले, पेला तिच्या हातात परत दिला.

"उद्या सोमवार," तो म्हणाला. "मी जाणार नाही. पुढच्याही सोमवारी नाही. रिक्षावाल्याला कळवून टाका."