रशीदभाईंचा रविवार

रशीदभाई गेले त्याला आता सहा आठवडे होतील. नांदेडहून त्यांच्या मुलीचा, नसरीनचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या क्लासमध्ये फळ्यावर घर्षणाचं गणित सोडवत होतो. "सर, अब्बा गेले. सकाळी चहा मागितला, अन् चहा आणेपर्यंत..." एवढंच ती बोलली. मी बरं म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि गणित पूर्ण केलं. समोर दोनशे मुलं होती, परीक्षा तोंडावर होती, ही कारणं खरीच आहेत. मातीला मी पोचलो नाही. तेव्हापासून रशीदभाई आठवले की आधी ते गणित आठवतं, त्याच्या उत्तरासकट.

नांदेडच्या इतवारा भागात त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. मी तेव्हा नांदेडच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो आणि आम्हा आठ-नऊ जणांना रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवायचा नाद लागला होता. नांदेडचे एक दातांचे डॉक्टर, रेल्वेतले एक गार्ड, बाकीचे लातूरकडचे. विमानाच्या शेपटीची हलती फळी जोडायला बिजागऱ्या लागायच्या, आणि त्या आपल्याकडे मिळायच्या नाहीत. कोणीतरी रशीदभाईंचं नाव सांगितलं. त्यांनी ती पातळ फळी उलटसुलट करून बघितली, मशीनच्या दोऱ्यानं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे टाके घातले आणि म्हणाले, "हालवा आता." फळी लोण्यासारखी हलली. पुढच्या रविवारी ते स्वतःच मैदानावर आले. दोन वर्षांत आमच्यात सगळ्यात चांगलं विमान त्यांचं होतं. ते फारसं उडवायचे मात्र नाहीत. "तुमी उडवा सर, मी बघून राहिलो," म्हणायचे, आणि आमची विमानं पडली की तुकडे गोळा करायला सगळ्यांच्या आधी पळायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी नांदेड-लातूरच्या क्लबचा मेळावा व्हायचा, एक वर्ष आमच्याकडे, एक वर्ष रेणापूरजवळच्या गायरानावर. गुडघाभर वाळलेलं गवत कापून धावपट्टी करायची, इंजिनाच्या इंधनात घातलेल्या एरंडेलाच्या धुराचा वास, दुपारी भाकरी, ठेचा आणि रशीदभाईंच्या घरून भाभींनी बांधून दिलेला खिमा. रशीदभाई विमानाचे पंख चादरीत गुंडाळून एसटीच्या मागच्या सीटवर घेऊन बसत. एकदा कंडक्टरनं विचारलं, हे काय आहे? "इमान हाय," रशीदभाई म्हणाले. "मंग त्याच्यात बसूनच जायचं की, इथं कशाला गर्दी करून राहिले?" अख्खी गाडी हसली. सगळ्यात जास्त तेच हसले.

मग भूकंप झाला. आम्ही क्लबचे लोक धान्य, चादरी घेऊन औशाच्या पलीकडच्या एका गावात गेलो, दोन दिवस राहून परत आलो. रशीदभाई परत आले नाहीत. दगडमातीच्या ढिगातून लोक भांडी, पेट्या ओढून काढत होते, त्यात शिलाई मशीनही निघत होत्या. लाकडी टेबलांचा चुरा झालेला, वरचं लोखंड मात्र शाबूत. रशीदभाईंनी ताडपत्रीखाली बसकण मारली आणि रॉकेलनं एकेक मशीन धुवायला घेतली. चार महिने ते नांदेड आणि ते गाव करत राहिले. अनुसयाबाई नावाच्या एका बाईंची मशीन त्यांनी तीनदा उघडली. मशीन पहिल्याच वेळी ठीक झाली होती. पण त्या बाईंचा नवरा आणि सासू गेले होते, आणि मशीन उघडी असली की त्या समोर बसून थोडं बोलायच्या...

वर्षभरानं मेळावा त्याच गावात घ्यायचा, ही कल्पना माझी. लेकरांना तेवढीच गंमत, असं मी सगळ्यांना पटवलं. रशीदभाई एकटे म्हणाले, "सर, नक्को. त्या गावात आवाज नक्को." मी ऐकलं नाही. पत्र्याच्या शेडांसमोरच्या रानात माझ्या विमानाचं इंजिन सुरू झालं, विमान वर गेलं, आणि शेडांमधून लोक धावत बाहेर आले. लेकरं नव्हे, मोठी माणसं. काखेत पोरं घेऊन, एकजण तोंडाला साबण तसाच. अनुसयाबाई रशीदभाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊ, बंद करा ते. भूकंपाच्या रातीवाणी आवाज यायलाय." मी विमान चालवायचा रेडिओ हातात धरून नुसता उभा. रशीदभाईंनी तो काढून घेतला, वरच्या वर इंजिन बंद केलं आणि विमान मुकाट्यानं तुरीत उतरवलं. पुढच्या महिन्यात त्यांनी बिनइंजिनाचं, हातानं फेकायचं एक हलकं विमान बनवलं आणि एकटेच त्या गावात जाऊन आले. "बाईनं सोता फेकलं," एवढंच सांगितलं.

त्यानंतर लातुरात क्लासेसचे दिवस आले. मी कॉलेज सोडून तिकडे गेलो. आमच्या क्लासला रविवारी चाचणी असायची. पहिल्या वर्षी मी मेळाव्याला दुपारी गेलो, दुसऱ्या वर्षी संध्याकाळी, तिसऱ्या वर्षी गेलोच नाही. डॉक्टरांच्या मुलाची बारावी, गार्डसाहेबांची बदली, असं करत माणसं गळत गेली. एका वर्षी रशीदभाई नांदेडहून पहाटेच्या गाडीनं येऊन रेणापूरच्या गायरानावर दुपारपर्यंत एकटेच बसले होते. मी फोनवर माफी मागितली तर म्हणाले, "कायको माफी? गवत कापून ठेवलंय सर. कवाबी या."

त्या अपराधीपणातूनच मी त्यांना क्लासमध्ये बोलावलं. चाचणीआधी दहा मिनिटं मुलांना विमान दाखवा म्हटलं. ते इस्त्रीचा सदरा घालून आले, ते बिनइंजिनाचं विमान घेऊन. पंखाच्या वळणावरून हवा कशी जाते ते त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि ते मी आयुष्यभर सांगितलं त्यापेक्षा सोपं होतं. मागून एका मुलीनं विचारलं, "सर, हे सिलॅबसमध्ये आहे का?" "न्हाई बेटा," रशीदभाई म्हणाले, "हे भायेरचं हाय." आणि त्यांनी विमान फेकलं. ते सुंदर तरंगत चौथ्या बाकापर्यंत गेलं, जरा वर उचललं गेलं आणि पंख्यात सापडलं. पंखे बंद करायचं मला सुचलं नव्हतं. हॉल हसला. त्यांनी वाकून बाकांखालून तुकडे वेचले, रुमालात बांधले. आणि मी... मी घड्याळ बघून म्हणालो, "भाई, पेपर वाटायचेत." "हाव हाव, तुमी करा सुरू," ते म्हणाले. त्यांना स्टँडवर सोडायलाही मी गेलो नाही.

नंतर आमचं बोलणं ईद आणि दिवाळीपुरतं उरलं. मी दरवेळी या वर्षी जमवू म्हणायचो, ते दरवेळी हाव म्हणायचे. मी थकलो होतो, हे खरं आहे. अजूनही थकलेलाच आहे. पण थकवा त्यांनाही असेल, आणि तो त्यांनी माझ्यापुढे कधी मांडला नाही.

गेल्या शनिवारी अखेर नांदेडला गेलो. भाभींनी पाणी दिलं आणि मागच्या खोलीचं दार उघडून त्या बाजूला झाल्या. खोली झाडलेली होती. भिंतीवर पंख टांगलेले, खाली बॉबिनांचे डबे. खिडकीपाशी त्यांचा विमानाचा रेडिओ चार्जिंगला लावलेला, लाल दिवा लागलेला. मी बघतोय हे पाहून भाभी ओशाळल्या. "शनिवारी दुपारी लावायचे न ते. रविवारी कोणी बोलावलं तर तयार असावं म्हणून. मीच लावते आता... चालतं का न्हाई, मला काय समजतं?"

रेडिओतल्या त्या जुन्या जातीच्या बॅटऱ्या कधीच्या निकामी झालेल्या असतात. आत काही साठत नाही, दिवा तेवढा लागतो.

"चालतं भाभी," मी म्हणालो.

त्या चहा टाकायला गेल्या. मी रेडिओला हात लावून बघितला. कोमट होता.