खंडेनवमीला धुतलेलं इंजिन

खुशालच्या हाताला रॉकेलचा वास यायचा. एकोणीस वर्षं यायचा. आदिलाबादच्या कापूस बाजारात भगवंतरावांची अडत होती आणि त्यांची पांढरी अँबेसेडर चालवायचं काम खुशालचं. बाहेरून गाडी कोणीही धुवावी, बादल्या ओताव्यात, त्याची ना नव्हती. पण बोनेट उघडलं की हुकूम त्याचा. इंजिनावर पाण्याचा थेंब नको. रॉकेलचा बोळा, कोरडं फडकं, बस्स. एकदा खुद्द भगवंतराव हौसेनं पाण्याचा पाइप घेऊन पुढं आले, तर हा भर अंगणात खेकसला, "मालक, ते इंजिन हाय, म्हैस नाई!" मालक हसले आणि पाइप टाकून घरात गेले. ही गोष्ट खुशालनं पुढं बसस्टँडवर शंभरदा सांगितली. आपण किती शहाणे हे सांगायची खाज सगळ्यांनाच असते, त्याला जरा जास्तच होती.

म्हणून तर सांगताना राग येतो.

ब्याण्णव साली मालकांनी नवी व्हॅन घेतली. दसऱ्याच्या आठ दिवस आधी त्यांनी खुशालला ओसरीवर बोलावलं. "जुनी गाडी तुले देतो," ते म्हणाले. "शिलंगणाले, जम्मीच्या झाडाखाली, चार लोकायच्या समोर चावी देईन. इचोड्याच्या रस्त्यानं भाडं मार अन सुखानं खाय." शमीला आमच्याकडे जम्मी म्हणतात. तिथं दिलेला शब्द कोणी फिरवत नाही.

खुशालला स्वतःची सायकलसुद्धा नव्हती. तो घरी गेला आणि बायकोला, रेणुकाबाईला, सांगता सांगता रडला. त्या दिवसापासून त्या दोन खोल्यांत अँबेसेडरला "मालकाची गाडी" म्हणणं बंद झालं. "आपली गाडी" झाली.

खंडेनवमीच्या सकाळी तो गाडी धुवायला नागपूर रस्त्यावर गेला. तिथं नुकतंच धुलाईचं दुकान निघालं होतं. पंपाला जोडलेल्या बंदुकीतून पाणी असं सुटायचं की ट्रकच्या चाकांचा वर्षाचा चिखल भुईसपाट. टप झाला, चाकं झाली. धुणाऱ्यानं विचारलं, "चाचा, इंजन पे भी मारूं?"

खुशालनं बोनेट उघडून पाहिलं. कोपऱ्याकोपऱ्यात तेलाचा काळा थर बसलेला, जिथं फडकं कधी पोचलंच नाही. उद्या चार लोकांसमोर चावी मिळणार. कोणी बोनेट उघडायला लावलं तर? आपली गाडी कशी लख्ख पाहिजे!

"मार," तो म्हणाला.

झालं! एकोणीस वर्षांची अक्कल एका शब्दात पाण्यात गेली. परक्याच्या गाडीला जो माणूस थेंब लागू देत नव्हता, त्यानं स्वतःची होणार म्हटल्यावर तिला आंघोळ घातली.

परत येताना गाडीनं दोनदा उचकी दिली. त्याला तिथंच कळलं. ठिणगी वाटून देणारी जी काळी टोपी असते, तिच्यात पाणी शिरलं. टोपी काढायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, दोन मिनिटांचं काम. पण फाटकातच मालकीणबाई, द्वारकाबाई, आरतीचं ताट घेऊन उभ्या. मुहूर्त चालला होता. त्या घरची रीत कडक: यंत्राला कुंकू लागलं की शिलंगणाला निघेपर्यंत त्याच्या पोटात हात घालायचा नाही. बोनेटवर स्वस्तिक निघालं, हार पडला, गाडी शेडमध्ये गेली. उद्यापर्यंत सुकेल, असं म्हणून खुशाल घरी गेला. बंद शेडमध्ये काय सुकणार, डोंबल?

दसऱ्याला दुपारी सगळे जमले. पाहुणे, अडतीचे हमाल, इचोड्याचे किराणावाले वामनराव. चाकाखाली लिंबू ठेवलं. खुशालनं चावी फिरवली. गाडी नुसती खरखरली. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. आठ जणांनी ढकलत रस्त्यावर आणली, तरी हूं नाही की चूं नाही.

"मालक, दोन मिनिटं बोनेट उघडू द्या," खुशाल म्हणाला.

"खबरदार!" द्वारकाबाई ओरडल्या. "पूजेच्या गाडीले हात लावशीन तं! भर दसऱ्याले रुसली, ही काई चांगली लक्षणं नाईत." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "अहो, अशी गाडी खुशालले नका देऊ. घरचा माणूस हाय. त्याच्या लेकराबाळायले काई झालं तं पाप कोनाले?"

आणि बाई हे मनापासून बोलत होत्या, हेच वाईट. लबाडीनं बोलल्या असत्या तर भांडता आलं असतं.

भगवंतराव घुटमळले. त्यांना गाडी द्यायचीच होती. "खुशाल, तुले तं तिची नस न नस मालूम हाय," ते म्हणाले. "काऊन झालं असं? सांग ना बावा."

बोल ना मेल्या! काल पाणी मारलं, एवढंच बोलायचं होतं. रुसवा गेला असता, अपशकून गेला असता. पण समोर सगळी तीच माणसं, ज्यांना म्हशीची गोष्ट तोंडपाठ होती. खुशालनं खाली पाहिलं.

"काई समजत नाई जी," तो म्हणाला.

"मी असलं काई मानत नाई," मागून वामनराव बोलले. "मले द्या." द्वारकाबाईंनी सुटल्यासारखं "घेऊन जा" म्हटलं, आणि लोक व्हॅनमधून न् पायी जम्मीकडे निघाले.

रात्री रेणुकाबाईला खरं कळलं. ती रडली नाही, चिडली. "तोंडात का दही भरलं होतं? सकाळी जा अन सांगा." सकाळी तो गेला. गाडी ढकलून ठेवली होती तो रस्ता मोकळा होता.

"अरे, गंमत झाली," भगवंतराव म्हणाले. "दुपारभर उन्हात उभी होती. संध्याकाळी वामनरावानं चावी लावली तं एका झटक्यात चालू!"

खुशालनं तेव्हा सगळं सांगितलं.

"हे काल बोलला असता तं गाडी तुही होती," मालक म्हणाले. "आता दिलेली वस्तू कशी मागू? अन मले म्हनत होता, म्हैस नाई म्हणून."

व्हॅन चालवायला त्यांनी त्यालाच ठेवलं. दया केली. त्यानं बसस्टँडवर बसणं सोडलं.

पुढच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पेट्रोल पंपावर पांढरी अँबेसेडर व्हॅनच्या शेजारी येऊन थांबली. वामनराव उतरले. "बरं भेटले खुशालभाऊ. तिकडे बंदुकीनं मस्त धुऊन देतात म्हणे. इंजिनवर बी मारू काय पाणी?"

मारा, असं खुशालच्या अगदी ओठावर आलं. खूप गोड वाटलं त्याला ते. एक शब्द, आणि उद्या वामनरावांच्या दारात तीच खरखर. मग त्यानं व्हॅनमधून वर्षभर तशीच पडून असलेली रॉकेलची बाटली आणि फडकं काढलं.

"उघडा बोनेट," तो म्हणाला.

तासभर पुसत होता. काळी टोपी काढून आतून पुसली, पुन्हा बसवली. वामनराव कौतुकानं पाहत होते. "लई गुणाची गाडी बरं! वर्षात एकदा बी अडली नाई. तुमी कशी काय सोडली हो?"

खुशालनं बोनेट लावलं.

घरी रेणुकाबाईनं पाणी देताना त्याचा हात हुंगला. व्हॅनला तो रॉकेल लावत नसे. "कोनाची गाडी पुसली?" तिनं विचारलं.

वर्षभर त्या घरात त्या गाडीचं नाव कोणी काढलं नव्हतं.

"वामनरावाची," खुशाल म्हणाला, आणि साबण घेऊन मोरीत जाऊन बसला.