नाकोबाची हवा

त्याला तोंडावर सगळे दादा म्हणायचे आणि पाठ फिरली की नाकोबा. हे दुसरं नाव त्याला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. देणारे बिनडोक असले तरी निदान एवढं तरी त्यांच्या लक्षात आलं, असं त्याचं म्हणणं. मालकाला कोंबडी फक्त ताटात ओळखता येते, खाद्याचा एजंट टाय बांधून थापा मारतो, डॉक्टर पुस्तकातली पिल्लं तपासतात, असं तो चारचौघांत सांगायचा. बायकोविषयी मात्र तो काही बोलायचा नाही, नुसता हात झटकायचा.

एवढी हवा डोक्यात जायला कारण काय, तर सव्वीस वर्षांपूर्वीची एक दुपार. तेव्हा तो पोल्ट्रीत खाद्य टाकणारा साधा गडी होता. पंख्याची मोटार जळायला लागल्याचा वास त्याला शेडच्या दुसऱ्या टोकाला आला, त्यानं धावत जाऊन बटण बंद केलं आणि चार हजार पक्षी वाचले. जुन्या मालकानं सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. "याचं नाक म्हणजे नाक!" झालं. या एका वाक्यावर गृहस्थानं उरलेलं आयुष्य काढलं. तो मुकादम झाला आणि चारही शेडची हवा त्याच्या ताब्यात आली. शेडच्या बाजूंचा पडदा किती उघडायचा, पंखा कधी लावायचा, सगळं तो ठरवणार. दारात उभं राहून छाती भरून श्वास घ्यायचा, क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा. बाकीच्यांनी माना डोलवायच्या.

जुन्या मालकाच्या मुलानं कारभार हाती घेतला आणि थंडीच्या आधी भिंतीवर एक पॅनेल बसवलं. बाहेर कितीही गारठा असो, दर पाच मिनिटांनी एक मिनिट पंखे आपोआप फिरणार आणि आतली कोंदट, ओलसर हवा बाहेर टाकणार. नाकोबाला हसू आवरेना.

"एकीकडे शेगड्या लावून ऊब करायची आणि दुसरीकडे पंखे लावून ती बाहेर फेकायची! शिकलेली माणसं ही!"

मालकाची गाडी फाटकाबाहेर पडली तशी त्यानं पॅनेल बंद केलं, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग तिसऱ्या शेडचे पडदे ओढून दोऱ्या करकचून आवळल्या. तिथं बारा दिवसांची पाच हजार पिल्लं होती. ऊब छान धरली, एवढं मात्र खरं.

त्याची बायको त्याच शेडमध्ये कामाला होती. पाण्याची भांडी धुवायची, खाली अंथरलेलं तूस खालीवर करायचं. तिसऱ्या दिवशी ती तोंडाला फडकं बांधूनच आत शिरली.

"अहो, फार वास मारतोय. डोळे चुरचुरतायत."

"मग डोळे धू. तुझ्यासाठी पाच हजार जीव गारठवू का? उगाच नाकानं कांदे सोलू नकोस."

त्याच्याही डोळ्यांतून पाणी येतच होतं. पण ते वयामुळे, असं त्यानं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

चार दिवसांनी पिल्लं डोळे मिटून बसू लागली. खाद्यापाशी जाईनात, डोकं पंखाला घासत राहिली. नाकोबानं लगेच निदान केलं, थंडी! आणि पडद्यांच्या उरल्यासुरल्या फटीत पोती कोंबली. एवढा मूर्खपणा करायलाही जबर आत्मविश्वास लागतो आणि तो त्याच्याकडे मुबलक होता. दुसऱ्या दिवशी कितीतरी पिल्लांच्या डोळ्यांवर पांढुरका पडदा आला, तेव्हा मालकानं डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

बाई वयानं लहान होत्या. दारातच त्यांनी रुमाल नाकाला लावला. मग आत जाऊन चक्क उकिडव्या बसल्या, पिल्लांच्या उंचीवर एक ओला कागद धरला आणि त्याचा बदललेला रंग मालकाला दाखवला.

"अमोनिया. ओल्या तुसात विष्ठा कुजते, त्याचा हा वायू. पिल्लं आंधळी होताहेत. अजून दोन दिवस असेच गेले तर ही बॅच हातची गेलीच समजा. काका, पंखे कोणी बंद केले?"

काका म्हटल्याचाच त्याला आधी राग आला.

"मॅडम, कागद भिजवला की रंग बदलणारच. मी कागदाला विचारून शेड चालवत नाही. वास असता तर मला पहिल्यांदा आला असता."

"दादा, पॅनेलची किल्ली द्या," मालक म्हणाला.

चार माणसांत किल्ली मागितली म्हणजे नाकच कापलं! नाकोबा मालकावरही उसळला.

"देतो ना. पण आधी परीक्षा घ्या. माझे डोळे बांधा आणि इथलं कुठलंही तूस घमेल्यात घेऊन नाकाखाली धरा. कुठून आणलं ते मी सांगतो. चुकलो तर किल्ली तुमची, पुन्हा या शेडच्या हवेत तोंड घालणार नाही. आणि घमेलं हिलाच धरू द्या. हिला लबाडी करण्याइतकी अक्कल नाही."

बायकोनं मालकाकडे पाहिलं. मालकानं नाकोबाचे डोळे फडक्यानं बांधले आणि पाण्याच्या नळाखालच्या जागेकडे बोट केलं. तिनं तिथलं घमेलंभर उकरलं आणि नवऱ्याच्या हनुवटीखाली धरलं. नाकोबानं छाती भरून श्वास घेतला. मग परत एकदा, चवीनं.

"कोरडं तूस. आत्ताच पोत्यातून काढलंय. मला फसवता?"

दोन हात लांब उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंना ठसका लागला.

"खोकू नका हो मॅडम, माझं लक्ष उडतं," तो म्हणाला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिला. ती येईना, तेव्हा त्यानं वैतागून डोळ्यांवरचं फडकं काढलं.

घमेल्यात काळा, ओला, चिकट गोळा होता.

"बदललंस तू!" तो बायकोवर ओरडला. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं त्यातली मूठ उचलली आणि नाकाशी नेली, मग नाक त्यातच खुपसलं. डोळे जळजळले, घसा धरला. वास मात्र नाही. त्यानं दुसरी मूठ घेतली. तिलाही नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस घाबरला.

"वर्षानुवर्षं हा वायू हुंगला की नाक मरतं, काका. तुमचा दोष नाही त्यात," बाई हळू आवाजात म्हणाल्या. दोष असता तर एक वेळ त्याला चाललं असतं.

त्यानं किल्ली मालकाच्या हातावर ठेवली आणि बायकोकडे वळला.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील. घरात दूध करपून भांडं काळं पडलं. तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगतच होते. वास येतोय म्हणून."

त्यानं घमेलं उचलून दाराबाहेर नेऊन ठेवलं.

मालकानं पॅनेल चालू केलं आणि पंखे घरघरले. पडदे एकदम उघडू नका, पिल्लांना गारठा बाधेल, वास जाईपर्यंत थोडे थोडे उघडत जा, असं बजावून डॉक्टरीणबाई औषध आणायला गाडीकडे गेल्या. नाकोबानं पोती उपसून काढली. दोरीच्या गाठी त्यानंच मारलेल्या, सुटता सुटेनात. शेवटी एक सुटली आणि पडदा वीतभर उघडला. मग त्याला कळेना, पुढे किती.

"अगं," त्यानं हाक मारली. "आता?"

ती शेडच्या मधोमध होती. तिनं तोंडावरचं फडकं खाली केलं आणि हुंगलं.

"आहे अजून."

त्यानं आणखी वीतभर उघडला.

"आता?"

तिनं घाई केली नाही. कमरेवर हात ठेवून ती पिल्लांमध्ये उभी राहिली आणि ती सांगेपर्यंत तो दोरी धरून थांबला.