जवसवाली जाऊबाई

अंगनवाडीत काटा पाहून ताई म्हनली, "अवं, मागच्यापेक्षा कमी भरला पोरगा." लेकरू रडे बी ना, नुसतं मलूल. माही थोरली जाऊ तिच्या पोरीले घेऊन तिथंच होती. तिनं माह्या हातातून लेकरू ओढलं, चटईवर बसली अन् पदराखाली घेतलं. गटगट पेऊन राहिला! अन् मी भेलेली माय, उभ्या उभ्या जळून राहिली होती.

जळत तं मी पहिल्यापासूनच होती. जाऊबाई म्हनजे जवस. भातावर जवसाची चटनी, भाजीत जवसाचा कूट, वरून तेल. दोघी संगंच बाळंतीन झालो, पन तिचं पोट बसलं, माहं लोंबतच. सासू म्हने, "थोरलीले पाय, जशीच्या तशी!" मी इचारलं, तं जाऊबाई हासली. "जवसानं कोनाची चरबी गेली वं? बांधीत दिवसभर वाकून धानाचा रोवना कर, मंग पाय."

मले वाटलं, लपवून राहिली. तिच्याहून बारीक व्हाचं म्हनून शहापूरच्या पार्लरवालीकडून तेलाच्या गोळ्या आनल्या. "चरबी जाळते," म्हने ते. कोनाले सांगतलं नाई. गोळी घ्याची, अन् एक टाइम जेवाची नाई. पोट तसंच राहिलं, दूध मात्र आटलं.

"खरं सांग, काय खाऊन राहिली तू?" चटईवरूनच तिनं इचारलं. मी रडतच सांगतलं. ते मले तशीच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरनं डबी पायली. "दूध पाजणाऱ्या बाईनं घेऊ नये, असं यावरच लिहिलंय. पोटभर जेवा." मी सातवी शिकलेली, इंग्रजी कोन वाचते? वाटेनं जाऊबाई एवढंच बोलली, "तुही चरबी गेली नाई वं. पोराची गेली."

मंग रोज जाऊबाईच पाजे माह्या पोराले. मले पुढ्यात बसवून जवसाचे लाडू चारे. "दोन माया हायेत याले, राजा हाय!" म्हने. माहं दूध हळूहळू येऊन राहिलं होतं, पन तिच्या बांगड्या वाजल्या का पोरगा मान फिरवे.

तिच्या नवऱ्याले नाकाडोंगरीकडं खानीत काम लागलं. सामान टेम्पोत भरलं. तिनं हात पुढं केले. "महिनाभर दे मले. अजून भरला नाई थो. तुहं दूध वाढलं का आनून देईन." पोरगा तिच्याकडं झेपावला.

मी मागं सरली. "नाई देत."

ते रागावली नाई. जवसाच्या चटनीची बरनी माह्या हातात देल्ली. "मंग हे तं खा, माय."

बरनी अर्धी झाली. उद्या अंगनवाडीत पुन्हा काटा हाय. पोरगा पेते माह्यापाशी, पन मधातच थांबते, दाराकडं पायते. सांगा ना बायांनो, तुमी देल्लं असतं काय?