बसवराजचा एक्सकॅव्हेट

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत बसलो होतो. "भाऊजी, तुमचे दोस्त गेले," एवढंच बोलल्या... बसवराज म्हणजे कळंबच्या आमच्या शाळेतला इंग्रजीचा शिक्षक आणि माझा भांडायचा हक्काचा माणूस. मी मराठीचा. उभी नोकरी आम्ही शब्दांवरून हमरीतुमरीवर येण्यात घालवली, आणि काय मजेत घालवली!

त्याचा लाडका शब्द एक्सकॅव्हेट. "खणणं म्हण की सरळ! जिभेला कशाला पीळ?" मी डिवचायचो. झालं, गडी पेटायचा. "अरे बाबा, नुसता खड्डा पाडायला डिग पुरतो. हा लॅटिनमधून आलाय. एक्स म्हणजे बाहेर, कॅव्हस म्हणजे पोकळ. आतलं बाहेर काढत पोकळी करायची. मातीखालचं जुनं गाव उघडं करतात तिथं हाच शब्द, दातातली कीड कोरतात तिथंही हाच." खोदकामाच्या मशीनलाही इंग्रजीत एक्सकॅव्हेटर म्हणतात, याचा मात्र त्याला भयंकर राग. रस्त्यात मशीन दिसलं की म्हणायचा, "नाव बघा अन् धसमुसळेपणा बघा!"

तो लिंगायत. त्यांच्यात पुरायची रीत. खड्ड्याच्या भिंतीत कोनाडा कोरून माणसाला बसवतात. शेतात खड्डा खणताना दोन हातांवरच मुरूम लागला. दिवस कलला, विधीला आलेले जंगम घाई करू लागले. थोरला मुलगा म्हणाला, "आई, मशीन बोलावतो. अंधाराच्या आत उरकंल."

वहिनी ताडकन उठल्या. "उरकायला ते काय ओझं हाय व्हय? जन्मभर ज्या मशीनवर चिडले, त्यानंच त्यांची जागा करायची? न्हाय! हातानं करा."

मुलानं पुन्हा टिकाव उचलला. मग बसवराजचे जुने विद्यार्थी पुढं सरसावले. कुणी वकील, कुणी आडत्या. पँटी दुमडून टिकाव घेतले. मुरूम हटेना, तेही हटेनात. शाब्बास रे पठ्ठ्यांनो! कोनाड्यासाठी मी स्वतः खाली उतरलो. खुरप्यानं कोरायचं, ओंजळीनं बाहेर द्यायचं. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण हात थांबला नाही.

सूर्य टेकला तेव्हा वहिनी काठावर वाकल्या. कोनाडा निरखून म्हणाल्या, "भाऊजी, डोकं लागंल त्यांचं. उंच हायेत."

मी वरून आणखी चार बोटं कोरलं.

"आता बसतील ऐसपैस," त्या म्हणाल्या. "आणा त्यांना."