दारावरची डहाळी

देवी टोचणारा तो माणूस शिंदखेड्यात आला की दारं लागत. तो बोलायचा हळू आणि प्रत्येक दाराशी आधी कान लावून उभा राहायचा. सुईपेक्षा मला त्याचीच भीती वाटे.

देवी आलेल्या घराला कडुनिंबाची डहाळी बांधत, मग परका आत येत नसे. त्याला टाळायला त्या वर्षी शेजारणीनं आणि मी खोट्याच डहाळ्या बांधल्या.

"आमना घरमा देवी शे," मी दारातूनच म्हटलं.

"अक्का, देवी आलेलं मूल असं हसत नाही," तो म्हणाला, आणि माझ्या तान्हीचा दंड टोचूनच उठला.

शेजारच्या दाराशी तो बराच वेळ उभा होता. आतून दोन दिवस तापानं फणफणलेल्या तिच्या पोराचा आवाजच येईना. मग त्यानं चपला काढल्या आणि डहाळीला हात जोडले.