खांबेट्यांचा बारावा दावा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे श्यामसुंदर खांबेट्यांना लहानपणी वाईत सांगण्यात आले होते. त्यांचे म्हणणे, पायरी चढल्याशिवाय शहाणपण येणार कुठून? १९६७ साली केंद्र सरकारच्या एका कचेरीत हेडक्लार्क म्हणून ते चंदीगडला बदलून आले आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांनी अकरा दावे लावले. अकराही हरले. प्रकृती उत्तम राहिली.

दावे तत्त्वासाठी असत, म्हणून जास्त लांबत. बस थांब्याच्या वीस पावले पुढे थांबते, म्हणून एक. थिएटरच्या जाहिरातीत ‘वातानुकूलित’ लिहिले आणि आत पंखे निघाले, म्हणून एक. चंदीगडात बारानंतर एकदम चौदावा सेक्टर येतो, यावरही मसुदा तयार होता. पण तेरावा नसल्याने आपले नेमके नुकसान काय, हे त्यांना लिहिता येईना. वकील ते देत नसत. “माझं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मी काय मुका आहे?”

आणि फालतू दाव्यांची या गृहस्थांना मनापासून चीड होती. १९७२ साली त्यांनी विधी आयोगाला सात पानी पत्र पाठवले. निरर्थक दाव्यांत न्यायाधीशांचा वेळ जातो, खऱ्या फिर्यादी कपाटात पडून राहतात, तरी असे दावे लावणाऱ्यांना जबर भुर्दंड बसवावा. १९७६ साली कायदा बदलला आणि भुर्दंडाची मर्यादा हजारावरून तीन हजारांवर गेली. हा आपल्याच पत्राचा परिणाम, अशी त्यांची समजूत झाली. आयोगाने ती कधी खोडून काढली नाही. वर्षभरात त्यांचा अकरावा दावा निरर्थक ठरला आणि त्याच कलमाखाली त्यांना दंड झाला. घरी आले ते हर्षभरित होऊन.

“अगं, कलम चालतंय!”

“चालतंय ना? मग आता तुम्ही बसा,” पद्मजाबाई म्हणाल्या.

एक सल मात्र होता. पहिल्या जिंकलेल्या निकालासाठी त्यांनी बावीस सेक्टरच्या बाजारातून लाकडी चौकट आणून ठेवली होती. ती बाहेरच्या खोलीत वर्षानुवर्षे रिकामीच टांगलेली असे. आलागेला हलक्या आवाजात विचारी, “फोटो कुणाचा होता?”

बारावा दावा १९७९चा. वरच्या मजल्यावर ग्रेवाल नावाचे निवृत्त फौजी राहत. त्यांच्या खिडकीतला कूलर खाली गळे, नेमका पद्मजाबाईंच्या वाळवणावर. त्या उन्हाळ्यात दोनशे उडदाचे पापड पुन्हा पीठ झाले. खांबेट्यांनी तक्रार केली. ग्रेवाल म्हणाले, कूलर जिथे आहे तिथेच राहील, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तत्त्व समोरून आलेले पाहून खांबेटे सुखावले आणि दुसऱ्याच दिवशी सतरा सेक्टरच्या कोर्टात गेले.

या वेळी दावा खरा होता. पाहणीला कोर्टाने पाठवलेल्या वकिलाच्या टकलावरच थेंब पडला. असा पुरावा नशीब असल्याशिवाय मिळत नाही. तारखेला वादी आणि प्रतिवादी एकाच स्कूटरवरून जात, कारण स्कूटर एकच होती, ग्रेवालांची. वाटेत खटल्याबद्दल बोलायचे नाही असा करार होता, म्हणून ते कोबीच्या भावाबद्दल भांडत.

दोन वर्षांनी निकालाची तारीख लागली. खांबेट्यांनी चौकटीची काच पुसली. आदल्या दिवशी चारच्या चहाला मेव्हणा आला. नंदकुमार एका बड्या अधिकाऱ्याचा खासगी सहायक होता, आणि साहेबाचे वजन स्वतःच्या अंगावर बाळगून असे.

“भाऊजी, पेढे आणून ठेवा. साहेबांनी जज्जसाहेबांना फोन टाकलाय. काम पक्का!”

“कुणाला विचारून?”

“घरच्या कामात विचारायचं काय, यार?”

खांबेट्यांनी कप खाली ठेवला. “नंदकुमार, अकरा दावे मी स्वतःच्या अकलेनं हरलो. बारावा जिंकायला तुझ्या साहेबाची उसनी आणू?”

“अहो, पण दावा खराच आहे ना आपला?” पद्मजाबाई मध्ये पडल्या.

“होता,” खांबेटे म्हणाले. “चार वाजेपर्यंत.”

दुसऱ्या दिवशी स्कूटरवर कोबीचा विषय निघाला नाही. पुकारा झाल्यावर खांबेटे उभे राहिले आणि भर कोर्टात त्यांनी फोनची गोष्ट सांगून टाकली. न्यायाधीशांनी चष्मा काढला.

“फोन आला होता,” ते हिंदीत म्हणाले. “ठेवला आणि विसरलो. तुम्ही कशाला आठवण करून देता?”

“हुजूर, निकाल माझ्या बाजूनं लागला तर लोक म्हणतील फोननं लागला. विरुद्ध लागला तर मीच म्हणेन, फोनच्या रागानं लागला. दोन्हीकडून डाग कोर्टाला. मी दावा मागे घेतो.”

“निकाल लिहून तयार आहे, खांबेटे. ऐकायचा नाही?”

खांबेट्यांना ती चौकट आठवली असणार. तरी ते म्हणाले, “नको. आणि प्रतिवादीचा खर्च माझ्यावर लावा. तसं कलम आहे.”

ग्रेवाल ताडकन उठले. “खर्चा किस बात का जी? स्कूटर तो वैसे भी आनी थी.”

पुढच्या रविवारी ग्रेवालांनी मिस्त्री आणून कूलरखाली पत्र्याची पन्हळ बसवली आणि पाणी मागच्या गटारात सोडले. कोर्टाने सांगितले असते तर अपिलात गेलो असतो, असे ते जिन्यात सर्वांना ऐकवत. त्या उन्हाळ्यात पापड कडकडीत वाळले. त्यांतले पन्नास वर ग्रेवालांकडे गेले. नंदकुमार वर्षभर रागावून आला नाही. तो काळ घरात फार शांततेत गेला. विधी आयोगाला मात्र नवे पत्र गेले: न्यायाधीशांना फोन करणाऱ्यांनाही भुर्दंड असावा, सुरुवात नातेवाइकांपासून व्हावी. पोच आली. तेरावा दावा झाला नाही.

चौकट आता रिकामी नाही. तीत दावा मागे घेतल्याच्या हुकमाची शिक्क्याची नक्कल आहे. खाली न्यायाधीशांनी इंग्रजीत एक ओळ जादा घातली आहे: वादीच्या बाजूने बाहेरून शब्द टाकला गेला होता, हे वादीने स्वतःहून कोर्टाला सांगितले, याची नोंद असावी.

आलेला पाहुणा वाचतो आणि विचारतो, “म्हणजे जिंकलात तुम्ही?”

“छे,” खांबेटे समाधानाने म्हणतात. “बारापैकी बारा हरलोय. पापड घ्या.”